गाडीच्या एसीचं पाणी नेमकं मुरतंय कुठं?

प्रश्न: एसी लावून तासभर गाडी चालवली की चालकाशेजारच्या सीटपुढचं कार्पेट ओलं होतं. वळण घेताना डॅशबोर्डच्या आतून खळखळ ऐकू येते आणि मग पायावर पाण्याची धार पडते. गॅरेजमध्ये गॅस भरून दिला. दोन दिवस पाणी थांबलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. आता डॅशबोर्ड उतरवून कूलिंग कॉइल बदलावी लागेल म्हणतात. बदलू का?

उत्तर: अजिबात नाही, निदान अजून तरी नाही. डॅशबोर्डच्या एकाही स्क्रूला हात लावू देऊ नका. तुम्ही लिहिलेल्या चार ओळींतच निदान जवळजवळ झालंय. वळणावर खळखळ आणि त्यामागून धार, म्हणजे कॉइलखालच्या तबकात पाणी तुंबलंय आणि गाडी कलली की काठावरून सांडतंय. निचऱ्याची नळी बुजली असणार. ती मोकळी करायला बहुतेक गाड्यांत खालून अर्धा तास पुरतो.

आधी त्या गॅसचं बोलू, कारण इथेच जास्तीत जास्त लोक फसतात. गाडीच्या एसीत भरतात तो आर-१३४ए हा वायू साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. नव्या गाड्यांतला आर-१२३४वायएफ तर त्याहूनही थोड्या खालच्या तापमानाला. म्हणजे तो गळला तर हवेत उडून जातो, कार्पेट भिजवायला थांबत नाही. गळतीच्या जागी फार तर कॉम्प्रेसरच्या तेलाचा चिकट डाग दिसेल. पाणी येतंय म्हणून गॅस भरणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मग दोन दिवस पाणी थांबलं कसं? एक तर गाडी जॅकवर किंवा रॅम्पवर तिरकी झाली तेव्हा अडथळा जरासा सरकून तबक रिकामं झालं असेल, नाहीतर ते दोन दिवस हवा कोरडी असेल. अडथळा पुन्हा जागेवर येऊन तबक भरायला जेवढा वेळ लागला, तेवढीच ती ‘दुरुस्ती’ टिकली. गॅस कमी असण्याचा आणि पाण्याचा एक आडवळणाचा संबंध मात्र आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

पाणी तयार होणं हा मुळात दोष नाही. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. तीच हवा कॉइलवरून जाताना ५ अंशांपर्यंत गार झाली, तर तिच्यात जेमतेम ७ ग्रॅम वाफ मावते. उरलेले १७ ग्रॅम पाणी होऊन कॉइलच्या पत्र्यांवरून खाली ओघळतात. ब्लोअर तासाला दोनशे घनमीटर हवा ढकलतो असं धरलं आणि हवा सतत बाहेरूनच घेतली, तर हिशेब तासाला तीन लिटरच्या वर जातो. आतलीच हवा फिरवत ठेवली तर पाणी बरंच कमी होतं, पण दमट दिवशी तेही थोडंथोडकं नसतं. उभ्या गाडीखाली एसीच्या पाण्याचं थारोळं दिसलं की काही मालक घाबरून फोन करतात. मी त्यांना सांगतो, ते दिसायचं बंद होईल तेव्हा फोन करा.

हे सगळं पाणी जातं कुठून, ते एकदा डोळ्यांसमोर आणा. डॅशबोर्डच्या पोटात प्लास्टिकची एक मोठी पेटी असते. तिच्यात ब्लोअर, कूलिंग कॉइल, हीटरची कॉइल आणि हवेची दिशा फिरवणाऱ्या झडपा बसवलेल्या असतात. कूलिंग कॉइलच्या खाली पेटीचाच तळ तबकासारखा खोलगट केलेला असतो आणि त्याच्या सर्वांत खालच्या टोकाला बोटाएवढं भोक असतं. तिथून एक नळी फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, बाहेर निघते. काही गाड्यांत ती पुढच्या दोन सीटांमधल्या उंचवट्यातून सरळ खाली जाते. बाहेरच्या टोकाला रबराचा कोपरा असतो. बाहेरची धूळ आणि किडे आत येऊ नयेत म्हणून त्याचं तोंड कधीकधी बदकाच्या चोचीसारखं चपटं केलेलं असतं. पंप नाही, मोटर नाही, पाणी फक्त उतारावर चालतं. म्हणूनच एवढासा चिखलही त्याला अडवायला पुरतो.

आणि चिखल होतोच. कॉइल सतत ओली, त्यामुळे हवेतली धूळ तिला चिकटते. पुढच्या काचेखालच्या जाळीतून पानांचा चुरा येतो. केबिन फिल्टर फाटलेला, वाकडा बसवलेला किंवा मुळात नसलेलाच असेल, तर हा सगळा माल थेट तबकात जातो. त्यात बुरशी वाढून सायीसारखा गिळगिळीत थर होतो आणि तो सरकत येऊन नळीच्या तोंडाशी बसतो. बाहेरूनही अडथळे येतात. कुंभारीण माशीने नळीत बांधलेलं मातीचं घर मी काढलंय. त्याहून जास्त वेळा काढलाय तो गाडीच्या तळाला गंज लागू नये म्हणून मारलेल्या काळ्या कोटिंगचा थर. फवारणाऱ्याने नळीचं तोंड झाकलेलं नसतं, त्यामुळे एकाच फटक्यात ते सीलबंद होतं. गाडीला असं कोटिंग केल्यानंतर आठवडाभरात पाणी यायला लागलं असेल, तर पुढचं वाचायचीही गरज नाही. आधी तिथेच पाहा.

आता निदानाची पद्धत. लोक विचारतात, पाणी कुठून येतंय? मी उलट विचारतो, कधी येतंय? पाणी वायरच्या जुडग्यावरून, पत्र्याच्या कडेवरून, कार्पेटच्या खालून हातभर प्रवास करून भलतीकडेच प्रकट होतं, त्यामुळे जागा फसवी असते. वेळ सहसा फसवत नाही.

‘सहसा’ म्हटलं, कारण एकदा मी वेळेनेही फसलोय. धंद्यात नवा होतो. एक गृहस्थ म्हणाले, एसी लावला की पाणी येतं. मी नळी पाहिली, मोकळी होती. मग आतली पेटी तडकली असणार असं ठरवून सगळा डॅशबोर्ड उतरवला. दोन दिवस गेले. पेटी ठणठणीत, कॉइल ठणठणीत. सगळं परत बसवलं आणि पहिल्याच पावसात ते पुन्हा दारात उभे. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ते एसी लावायचेच मुळी पावसात, काचेवर धुकं धरू नये म्हणून! पाणी पावसाचं होतं. काचेखालच्या जाळीतल्या खोबणीत पानं साचून ती तुंबली होती आणि तिथून वायर आत जाते त्या रबरी बुचातून पाणी ओघळत होतं. एसीचा काही संबंध नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: कोरड्या रस्त्यावर, पाऊस नसताना, गाडी धुतलेली नसताना, फक्त एसी लावून पाणी येतं का? आणि दुसरा, एसी आठवडाभर बंद ठेवून, पाऊस पडल्यावर येतं का? या दोन उत्तरांत अर्ध्याहून अधिक काम होतं.

तुमच्या बाबतीत हे नक्की करायला घरच्या घरी एक चाचणी घ्या. कार्पेट शक्य तेवढं कोरडं करा आणि दोन्ही बाजूंना पायाशी वर्तमानपत्राचे कागद अंथरा. डॅशबोर्डखाली मधल्या उंचवट्याच्या दोन्ही अंगांना थोडी टाल्कम पावडर भुरभुरवा. पाणी जिथून उतरेल तिथे पावडरीत स्पष्ट ओघळ उमटतो, टॉर्च लावून शोधत बसावं लागत नाही. गाडी सपाट जागी, मोकळ्या हवेत उभी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धुराने जीव जातो. एसी पूर्ण गार, ब्लोअर मधल्या वेगावर, हवा बाहेरची. वीस-पंचवीस मिनिटं थांबा आणि मग गाडीखाली वाका.

खाली थेंब पडतायत आणि आत सगळं कोरडं असेल, तर निचरा चालू आहे. मग संशय पावसाच्या पाण्यावर, किंवा फक्त धावताना, वळताना होणाऱ्या गळतीवर. खाली टिपूस नाही आणि आत कागद भिजला, किंवा गाडी हलवून पाहिल्यावर खळखळ आली, तर नळी बुजली आहे यात शंका नको. खालीही ओलं आणि आतही ओलं असेल, तर नळी अर्धवट बुजलेली आहे, फायरवॉलच्या भोकातून सुटून मागे आली आहे, किंवा पेटीचा जोड उघडा पडलाय. दोन्हीकडे कोरडं असेल तर निष्कर्ष काढू नका. हवाच कोरडी असेल, नाहीतर एसी नीट गार करत नसेल. दमट दिवशी पुन्हा पाहा.

नळी मोकळी करताना घाई नको. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नका. खाली स्टँड लावा, आणि सायलेन्सरचा पाइप थंड होऊ द्या, तो बऱ्याचदा अगदी शेजारूनच जातो. चष्मा घाला. बुजलेली नळी सुटली की लिटर-दोन लिटर काळं, कुबट पाणी एकदम तोंडावर येतं, मी हा प्रसाद घेतलेला आहे. आधी रबरी तोंड दोन बोटांत धरून चोळा आणि दाबा. चोचीसारखं तोंड असेल तर बहुतेक वेळा एवढ्यानेच चिकटलेली घाण सुटते. नाही सुटली तर रबरी कोपरा ओढून काढा आणि धुवा. आतल्या भोकात मऊ नायलॉनची तार फिरवत घाला, गवत कापायच्या मशीनची जाड दोरी याला उत्तम. स्क्रूड्रायव्हर किंवा सळई खुपसू नका. कॉइलचे पत्रे आणि नळ्या पातळ ॲल्युमिनियमच्या असतात. पाणी काढायला गेलात आणि कॉइलला भोक पाडून बसलात, तर मात्र गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं होईल. टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरची जोराची हवाही आत मारू नका. आतली नळी तिच्या जागेवरून निसटते, आणि निसटली की मग डॅशबोर्ड उतरवण्याशिवाय गत्यंतर नाही. फुंकायचंच असेल तर हातपंपाएवढ्या दाबाने. काम झाल्यावर रबर पुन्हा घट्ट बसलंय ना, तोंड खाली आहे ना, हे पाहा. रबर कडक होऊन तडकलं असेल तर नवं घाला. पुष्कळदा जुनं रबर सैल होऊन फायरवॉलच्या आत सरकतं आणि निम्मं पाणी पत्र्याच्या आतल्या अंगाने कार्पेटखाली जातं. गाडीत नंतर अलार्म किंवा स्पीकर बसवताना, कार्पेटवर जाड आवरण चढवतानाही ही नळी दाबली जाते, हलते. तेव्हा अलीकडे गाडीत कुणी काय काम केलं, तेही आठवून पाहा.

नळी मोकळी झाल्यावर मोजून पाहा. तीच वीस मिनिटांची चाचणी पुन्हा घ्या आणि खाली एखादं पसरट भांडं ठेवा. थेंब एकसारखे पडत असतील तर जिंकलात. आधी बराच वेळ काहीच नाही आणि मग एकदम भसकन पाणी येत असेल, तर अडथळा अजून शिल्लक आहे.

आता तो आडवळणाचा संबंध. कधी कधी नळी स्वच्छ असते, तरीही लांबच्या प्रवासानंतर गाडीत पाणी होतं. अशा वेळी मी विचारतो, तासाभराने हवेचा झोत कमी होतो का? ब्लोअरचा आवाज तेवढाच, पण वारा मात्र मंद? एसी पंधरा मिनिटं बंद ठेवला की झोत परत येतो? तिन्हींना होकार आला, तर कॉइलवर बर्फ धरतोय. एरवी कॉइल शून्याच्या किंचित वर ठेवलेली असते. तिच्यात खोचलेला सेन्सर तापमान फार उतरलं की कॉम्प्रेसर थांबवतो. तो सेन्सर बिघडला किंवा जागेवरून निसटला, फिल्टर तुंबून हवा कमी पडली, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये किती गॅस सोडायचा ते ठरवणारी झडप) बिघडला, किंवा गॅस कमी होऊन कॉइलच्या तोंडाशी तापमान शून्याखाली गेलं, की पाण्याऐवजी बर्फ तयार होतो. तो हळूहळू सगळी कॉइल झाकतो, आणि तुम्ही गाडी थांबवलीत की एकदम वितळतो. बर्फ तबकाच्या कडेबाहेर वाढलेला असला, तर पाणी तबकात न पडता पेटीच्या सांध्यातून बाहेर येतं. म्हणजे कमी गॅसमुळे पाणी येऊ शकतं, पण त्यासोबत झोत मंदावणं आणि गारवा कमी होणं ही लक्षणं हवीतच. तुम्ही त्यातलं काहीच लिहिलेलं नाही. आणि गॅस खरंच कमी असेल तर तो कुठून गेला ते शोधल्याशिवाय नुसता भरून घेणं व्यर्थ आहे.

डॅशबोर्डवरच्या हवेच्या जाळ्यांतून पायाऐवजी तोंडावर थेंब उडत असतील, तर त्याचीही कारणं हीच दोन: काठोकाठ भरलेलं तबक किंवा वितळता बर्फ. फार दमट दिवशी एसी सुरू करताच जाळीतून पांढरं धुकं येतं, ते मात्र निव्वळ धुकं असतं. त्याला औषध नाही आणि लागतही नाही.

पाण्याला रंग असेल, हाताला बुळबुळीत लागत असेल आणि गोडसर वास येत असेल, तर ते एसीचं पाणी नव्हे. ते हीटरच्या कॉइलमधून गळणारं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, आहे. ते एसी बंद असतानाही येतं, इंजिन गरम झाल्यावर जास्त येतं, पुढच्या काचेवर आतून तेलकट पापुद्रा धरतं आणि कूलंटच्या टाकीतली पातळी उतरत जाते. चव घेऊन खात्री करणारे महाभाग मी पाहिलेत. तसं करू नका, त्यातलं इथिलिन ग्लायकॉल विषारी असतं आणि गोड लागतं म्हणूनच लहान मुलांना व कुत्र्यामांजरांना जास्त धोका. हा दोष अंगावर काढण्यासारखा नाही. कूलंट संपून इंजिन तापलं तर खर्चाचा आकडा वेगळाच होतो.

आणखी एक छोटी गळती, जी बरेच मेकॅनिक सोडून देतात. कॉइलकडे येणारी थंड नळी आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह यांच्यावर फोम किंवा रबराचं आवरण असतं. पूर्वीच्या कामात ते फाटलं किंवा परत लावलंच नाही, तर थंड धातूला बाहेरच घाम फुटतो आणि तो थेंब-थेंब कार्पेटवर पडतो. यात पाणी थोडं पण सततचं असतं, वळणाशी त्याचा संबंध नसतो, आणि निचऱ्याची नळी व्यवस्थित चालू असते. आवरण नीट गुंडाळलं की प्रश्न मिटतो.

तीन रांगांच्या काही गाड्यांत मागच्या प्रवाशांसाठी वेगळी कॉइल असते, तिला स्वतःचं तबक आणि स्वतःची नळी असते. मागचं कार्पेट किंवा छताचं कापड ओलं होत असेल, तर पुढची नळी कितीही साफ केली तरी उपयोग नाही. सनरूफ असलेल्या गाडीत छताच्या कोपऱ्यांतून खांबांमधून खाली येणाऱ्या निचऱ्याच्या नळ्याही तपासा, कारण त्यांचं पाणीही पायाशीच उतरतं. विजेवर चालणाऱ्या गाडीतही कॉइल, तबक, नळी तीच. फरक एवढाच की ती उभ्या उभ्या, चार्जिंगला लावूनही एसी चालवते, त्यामुळे पाणी जास्त जमू शकतं. आणि खाली हात घालताना नारिंगी रंगाच्या जाड केबलपासून दूर राहायचं, त्यांत विजेचा जीवघेणा दाब असतो.

गळती थांबली म्हणून काम संपलं असं समजू नका. कार्पेटच्या खाली फोमचा किंवा लोकरी नमद्याचा जाड थर असतो. तो कितीतरी लिटर पाणी पिऊन बसतो आणि वरून हात लावला तर कोरडा वाटतो. सीटचे बोल्ट काढून कार्पेटची कड उचला आणि खाली टॉवेल दाबून पाहा. ओलं असेल तर पाणी शोषणाऱ्या व्हॅक्यूमने ओढून घ्या, कार्पेटखाली ठोकळे ठेवून ते उचललेलं ठेवा आणि पंख्याचा वारा सोडा. दोन-तीन दिवस लागतात. न वाळवता ठेवलं तर कुबट वास, पत्र्याला गंज, आणि सर्वांत त्रासाचं म्हणजे सीटखालच्या वायरजोडांना हिरवा कळंक चढतो. मग महिन्याभराने एअरबॅगचा दिवा लागतो, सेंट्रल लॉक स्वतःहून उघडतं, आणि त्या भुताटकीचा संबंध जुन्या पाण्याशी आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. सीटखालचे पिवळे वायरजोड एअरबॅगचे असतात. ते काढायचे असतील तर बॅटरी सोडून, कंपनीच्या पुस्तकात सांगितलेला वेळ थांबून, जाणकाराकडूनच काढून घ्या.

डॅशबोर्ड उतरवावा लागतो अशा वेळाही असतात. पेटी तडकलेली असणं, आतली नळी निसटून पेटीतच लोंबणं, हीटरची कॉइल गळणं, किंवा आधी कुणीतरी कॉइल बदलताना पेटीच्या दोन भागांमधली सीलची पट्टी परत न लावणं. तशी पाळी आलीच तर एकच अट घाला: डॅशबोर्ड परत चढवण्याआधी तुमच्यासमोर तबकात अर्धा लिटर पाणी ओतायचं आणि ते सगळं गाडीखाली यायला हवं, आत एक थेंबही नाही. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते न केल्यामुळे तोच डॅशबोर्ड दुसऱ्यांदा उतरलेला मी अनेकदा पाहिलाय.

तुमच्या गाडीत हे काही करावं लागेल असं मला वाटत नाही. गॅरेजमध्ये जाऊन एवढंच सांगा, गाडी उचला, निचऱ्याची नळी दाखवा आणि ती माझ्यासमोर मोकळी करा. चष्मा त्यांनाही घालायला सांगा.